तर्जनीचे चौदा टक्के

तर्जनी मुळापासून तुटली, की माणसाची कमावण्याची ताकद १४ टक्क्यांनी घटली असं कायदा धरतो. मधलं बोट १२ टक्के. अनामिका किंवा करंगळी ७. अंगठा ३०. नुसता शेंडा उडाला आणि हाड शाबूत राहिलं, तर तर्जनीचे ५ आणि करंगळीचे २. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात हे सगळं ओळीनं छापलेलं आहे. भोसरी-चाकणच्या प्रेस शॉपमध्ये उभ्या राहणाऱ्या पोरांनी हा तक्ता कधी पाहिलेला नसतो. त्यांना तो कळतो बोट गेल्यावर, वकिलाच्या तोंडून.

मी हिंजवडीत राहतो. इथे प्रेसचा आवाज येत नाही. चाकण इथून पंचवीस-तीस किलोमीटर. पण चाकणच्या माणसाचं पगारपत्रक इथल्याच एखाद्या इमारतीत, थंड खोलीतल्या पडद्यावर बनू शकतं. त्या पडद्यावर माणूस म्हणजे एक ओळ असते: बेसिक, डीए, घरभाडं, पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी. शेवटी सीटीसी, म्हणजे त्या माणसावरचा कंपनीचा एकूण खर्च. दरवर्षी मार्च जवळ आला की वरून सांगावा येतो, बेनिफिटवरचा खर्च खाली आणा. माझं भांडण खर्च कमी करण्याशी नाही. कारखाना चालायचा तर पैसा मोजावाच लागतो. माझं भांडण आहे ते कात्री कुठे लावली जाते त्याच्याशी. कात्री लागते नावाला. माणूस कामावर राहतो आणि नाव यादीतून जातं.

मागच्या पावसाळ्यात चिंचवडच्या मोहननगरात, ईएसआयच्या म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या रुग्णालयाबाहेरच्या टपरीवर, एक पोरगा भेटला. परभणीकडचा. उजव्या हाताला पट्टी, डाव्या हातात कागदांची पिशवी.

"किती दिवस झाले रे कामाला लागून?"

"पाच महिने, काका."

"मग ईएसआयचं कार्ड?"

"आहे की. पण कार्डावरची तारीख अपघाताच्या दिवसाची आहे. हात प्रेसमध्ये गेला सकाळी, आणि कार्ड काढलं दुपारी."

पाच महिने तो पोरगा कागदावर नव्हताच. हात चिरडल्यावर तो कागदावर जन्माला आला. त्याच्यासारखे अनेक आहेत. मोटार उद्योगाच्या सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांतल्या जखमी कामगारांसाठी काम करणारी सेफ इन इंडिया फाउंडेशन ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' नावाचे अहवाल काढते. मानेसर-फरिदाबादकडून सुरू झालेल्या त्या अहवालांत हीच तक्रार पुन्हा पुन्हा येते: ईएसआयची नोंदणी अपघातानंतर झाली. नियम काय सांगतो? नवा माणूस घेतला की दहा दिवसांत त्याची नोंदणी व्हायला हवी.

आता रुपये-पैशांत बोलू, कारण कारखानदाराला तीच भाषा पटते आणि त्यात काही गैर नाही.

१५ हजार पगाराच्या माणसामागे मालकाचा ईएसआयचा वाटा किती? जुलै २०१९ पासून दर सव्वातीन टक्के आहे. त्याआधी पावणेपाच होता. म्हणजे महिन्याला ४८७ रुपये ५० पैसे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का जातो, ११२ रुपये ५० पैसे. मालकाचे वर्षाचे झाले ५,८५०.

हे पैसे भरले नाहीत, माणूस पंचवीस वर्षांचा आहे, त्याची तर्जनी गेली आणि प्रकरण नुकसानभरपाई कायद्याखाली गेलं असं धरा. नुकसानभरपाई कायद्याचा हिशेब असा: पगाराचे ६० टक्के म्हणजे ९ हजार, त्याला पंचविशीचा गुणांक २१६.९१, आणि जे येईल त्याचे १४ टक्के. येतात २ लाख ७३ हजार. भरपाई देय झाल्यापासून महिन्याच्या आत दिली नाही तर १२ टक्के व्याज, आणि कारण नसताना उशीर केला तर मूळ रकमेच्या निम्म्यापर्यंत दंड. विमा पॉलिसी असली तरी हा दंड विमा कंपनीच्या गळ्यात घालता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्येच सांगून ठेवलं आहे. तो मालकाच्याच खिशातून जातो.

एका बोटाचे २ लाख ७३ हजार भागिले वर्षाचे ५,८५०. सेहेचाळीस वर्षं. त्या एका माणसाचा ईएसआय सेहेचाळीस वर्षं भरता आला असता, तेवढे पैसे एका सकाळी गेले. माणूसच गेला तर तोच हिशेब १६ लाख २६ हजारांवर जातो.

भरणा वेळेवर असेल तर? नोंदलेल्या माणसाला कामावर इजा झाली, की त्याची भरपाई ईएसआय महामंडळ देतं आणि १९२३ च्या कायद्याखालचा दावा मालकावर येत नाही. कामगाराला उपचार मिळतात, अंथरुणात असेपर्यंत पगाराच्या ९० टक्के मिळतात, त्यासाठी आधी अमुक दिवस भरले असण्याची अट नाही. बोट कायमचं गेलं तर वैद्यकीय मंडळ टक्के ठरवतं आणि महिन्याचं निवृत्तिवेतन चालू होतं, मरेपर्यंत. १५ हजारांच्या माणसाला तर्जनीचे महिन्याला सुमारे १,८९०. फार नाहीत. पण गावी गेल्यावरही येत राहतात, ठेकेदार पळाला तरी येत राहतात. सगळ्या बेनिफिटांत मालकाला सर्वांत स्वस्त पडणारी आणि सर्वांत मोठा बोजा उचलणारी ओळ हीच आहे, आणि आपल्या पट्ट्यात बुडवली जाते तीही हीच.

भोसरीतला माझा एक स्नेही चार प्रेस चालवतो. त्याच्याकडे हा हिशेब घेऊन गेलो. त्यानं चहा मागवला आणि म्हणाला, "अरे, गिऱ्हाईक दरवर्षी भाव पाडून मागतं. स्टीलचा दर माझ्या हातात नाही. विजेचा नाही. बँकेचं व्याज नाही. मग हातात उरतं काय? माणूस."

त्याचं म्हणणं मी टाळू शकत नाही. वरची मोठी कंपनी सुट्या भागाचा दर दरवर्षी खाली मागते, खालचा पुरवठादार त्याच्या खालच्याला मागतो, आणि उतरत उतरत ही मागणी ज्या शेडमध्ये पोचते तिथे पंधरा माणसं, चार जुन्या प्रेस आणि एक ठेकेदार असतो. तिथे कापायला चरबीच नसते. तिथे हात कापला जातो. म्हणून मी या स्नेह्याइतकंच, किंबहुना जास्त, वरच्या मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्याला धरतो. नगाचा दर ठरवताना त्यात ईएसआय-पीएफचे पैसे बसतात का, हे त्यांना बसल्या जागी कळतं.

मग सुरू होतात क्लृप्त्या. सात महिने भरले की ब्रेक. २४० दिवस भरू द्यायचे नाहीत, म्हणजे माणूस कायम व्हायचं नाव काढणार नाही. एकाच माणसाला तीन ठेकेदारांच्या नावांवर फिरवायचं. भरती केली तर 'ट्रेनी' म्हणून: २०१३ मध्ये आलेल्या 'नीम' योजनेखाली आपल्या पट्ट्यात शिकाऊ म्हणून किती पोरं उत्पादनाच्या लाइनवर उभी राहिली, ते या भागातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. पुढे ती योजना गुंडाळावी लागली. पोरं शिकली काय? प्रेसचं पेडल दाबायला. चौथी क्लृप्ती विमा पॉलिसीची. चाळीस माणसं असताना बारांची नावं द्यायची, हप्ता कमी भरायचा आणि अपघात झाला की बारांपैकी एकाच्या जागी जखमीचं नाव घुसवायला धावायचं.

पाचवी क्लृप्ती सर्वांत सभ्य दिसते आणि तिचा मला सर्वांत राग आहे. पोराला सांगतात सीटीसी १८ हजार. हातात पडतात त्याहून बरेच कमी. विचारलं तर उत्तर येतं, "दोन्ही वाटे तुझेच." मालकानं भरायचा ईएसआयचा वाटा कामगाराच्या मजुरीतून कापायला कायद्यानं थेट मनाई आहे, करार काहीही असो. वाटा मालकाचा आहे, तर तो मालकाच्या खिशातूनच गेला पाहिजे.

आणि शेवटी ती जुनी रीत: पन्नास हजार घे, कागदावर सही कर, गावाला जा. ही सही कवडीमोल आहे. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार १९२३ च्या कायद्यानं रद्दबातल धरला आहे. मृत्यू झाला असेल तर रक्कम घरच्यांच्या हातात कोंबूनही चालत नाही, भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्ताकडे जमा करावी लागते. ठेकेदाराचा माणूस होता म्हणून मूळ कंपनी हात झटकू शकत नाही, हेही त्याच कायद्यात आहे. गेटच्या आत काम झालं, कंपनीच्या धंद्याचं काम झालं, तर कामगार आधी कंपनीच्या दारात जाऊ शकतो. कंपनीनं मग ठेकेदाराकडून काय वसूल करायचं ते करावं.

टक्क्यांच्या तक्त्याबद्दलही एक गोष्ट नीट समजून घ्या. तो शेवटचा शब्द नाही. एका सुताराचा डावा हात कोपराच्या वरून गेला. तक्त्याप्रमाणे ते अंशतः अपंगत्व होतं. सर्वोच्च न्यायालयानं १९७५ मध्ये विचारलं, एका हातानं सुतारकाम होतं का? नाही होत. म्हणजे त्याच्यासाठी ते १०० टक्के. प्रेस ऑपरेटरची तीन बोटं गेली तर तो उद्या प्रेसवर उभा राहील का, हा प्रश्न आयुक्तासमोर विचारायचा असतो. बहुतेक वेळा तो कोणी विचारत नाही.

आता सरकारकडे वळतो, कारण मालकांना बोलून थांबलो तर ते अर्धंच बोलणं होईल. ईएसआयची पगारमर्यादा जानेवारी २०१७ मध्ये २१ हजार झाली आणि तिथेच थांबली. तेव्हापासून चाकणच्या खोलीचं भाडं थांबलंय का? दर वर्षी थोडी पगारवाढ मिळालेला अनुभवी ऑपरेटर २१ हजारांच्या वर सरकतो आणि दवाखान्यासकट ईएसआयच्या बाहेर पडतो. त्याला इजा झाली तर तो १९२३ च्या कायद्याखाली येतो आणि तिथे हिशेबासाठी पगार धरतात जास्तीत जास्त १५ हजार, हा २०२० चा आकडा आहे. माणूस कमावतो २५ हजार, बोटाची किंमत ठरते १५ हजारांवर. या मधल्या फटीत आपल्या पट्ट्यातला सर्वांत कसबी कामगार उभा आहे. दोन्ही आकडे वर नेणं हे दिल्लीत एका अधिसूचनेचं काम आहे.

दवाखान्याचंही तेच. माझा भोसरीचा स्नेही म्हणाला, "मी पैसे भरतो, पण माझ्या माणसाला ताप आला तर तो खासगीतच जातो." खरं आहे. चाकणच्या माणसाला मोठ्या उपचारासाठी मोहननगर नाहीतर पुण्यात बिबवेवाडी गाठायची, तीही नाशिक रस्त्याच्या कोंडीतून, एक पाळी बुडवून. ज्या पट्ट्यातून हा पैसा जमा होतो त्या पट्ट्याच्या दाराशी दवाखाना पाहिजे. भरणा चुकवायला ही सबब होऊ शकत नाही, पण तक्रार म्हणून ती शंभर टक्के खरी आहे.

१४० पेक्षा जास्त वर्षांपूर्वी हीच मागणी एका माणसानं लिहून दिली होती. सप्टेंबर १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि निवेदन तयार केलं. त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या होत्या. रविवारची सुट्टी आपल्याला आठवते, कारण ती आपण सगळेच भोगतो. त्याच निवेदनात आणखी एक कलम होतं: काम करताना इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण मजुरी द्यावी, आणि जन्माचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची तजवीज करावी. लोखंडे यांचं मूळ गाव कन्हेरसर. तालुका खेड. चाकणही त्याच खेड तालुक्यात आहे. पुढे १९२३ चा कायदा आला, मग प्रा. अडारकरांचा १९४४ चा अहवाल आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा. कागदावर लोखंडे जिंकले. खेड तालुक्यातल्या शेडमध्ये त्यांची मागणी अजून पोचायची आहे.

भरपाईचा खर्च कमी करायचा खरा रस्ता पगारपत्रकातून जात नाही, यंत्रावरून जातो. पॉवर प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय स्ट्रोक सुटू नये, म्हणजे हात डायमध्ये राहूच शकत नाही. पायाचं पेडल काढून टाकलं की निम्मा घोर मिटतो. हात मध्ये आला की प्रेस थांबवणारे सेन्सरचे पडदे मिळतात, आणि त्यांची किंमत एका तर्जनीच्या भरपाईपेक्षा कमी असते. मात्र भोसरीतल्या जुन्या की-क्लचच्या प्रेसवर नुसता सेन्सर लावून फसवणूक करू नका. तिथे एकदा स्ट्रोक सुटला की तो पूर्ण झाल्याशिवाय थांबत नाही. तिथे क्लच बदला, नाहीतर हात आत जाणारच नाही असा पक्का जाळीचा गार्ड लावा, आणि पत्रा उचलायला चिमटा द्या. गार्ड काढला की नग भराभर निघतात म्हणून सुपरवायझर तो काढायला लावतो. नगांचं टार्गेट ठरवणाऱ्यानं आधी एक पाळी त्या प्रेसवर गार्डसकट उभं राहून पाहावं.

कायदा आता थोडा कडक झाला आहे, हेही सांगायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. १९२३ चा कायदा आणि ईएसआय कायदाही त्यांत सामावले गेले; इथे मी त्यांची जुनीच नावं वापरली आहेत. जुन्या कारखाना कायद्यात सुरक्षेचा नियम मोडून गंभीर इजा झाली तर किमान दंड ५ हजार होता. मृत्यू झाला तर २५ हजार. नव्या संहितेत ते किमान २ लाख आणि ५ लाख आहेत, आणि दंडाची निम्मी तरी रक्कम जखमीला किंवा वारसांना द्या असं न्यायालय सांगू शकतं. नेमणूकपत्र सक्तीचं झालं आहे. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी आहे. निम्म्याहून अधिक पगार भत्त्यांत दडवून पीएफ आणि ग्रॅच्युइटी वाचवण्याची वाट अरुंद झाली आहे. हिंजवडीतल्या पडद्यांवर सध्या याच नव्या सूत्रांची धावपळ चालू आहे.

पण गेटबाहेरचं काय? १९ मार्च २०२५ च्या सकाळी आमच्या हिंजवडीत, पहिल्या टप्प्यात, एका छपाई कंपनीच्या कर्मचाऱ्यांना घेऊन येणारा टेम्पो ट्रॅव्हलर पेटला. मागचं दार उघडलं नाही. चार जण आत जळून गेले. आग चालकानंच लावली असा पोलिसांचा आरोप आहे, आणि रागामागे पगार व दिवाळीच्या बोनसचं कारण त्यांनी सांगितलं. त्याचा निवाडा न्यायालय करील. मला इथे एवढंच धरायचं आहे की कंपनीच्या गाडीतून कामावर येणारा माणूस कामावरच असतो. ईएसआय कायद्यात हे फार आधीपासून आहे. स्वतःच्या दुचाकीवरून येणाऱ्यालाही २०१० पासून हे संरक्षण मिळालं. आणि २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं १९२३ च्या कायद्यालाही तोच अर्थ लावला. खटला आपल्याच मराठवाड्यातला होता. साखर कारखान्याचा रात्रीचा पहारेकरी २००३ मध्ये पहाटेच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून पाच किलोमीटरवर अपघातात गेला. आयुक्तानं ३ लाख २६ हजार मंजूर केले, उच्च न्यायालयानं ते काढून घेतले, आणि त्याच्या माणसांना न्याय मिळायला २२ वर्षं लागली. तळवडे, चाकण, हिंजवडीच्या रस्त्यांवरून पाळी सुटल्यावर घरी जाणाऱ्या प्रत्येकाच्या घरी हा निकाल माहीत असला पाहिजे.

आमच्याच मुळशी तालुक्यात, उरवड्याला, ७ जून २०२१ रोजी रसायनाच्या कारखान्याला आग लागली आणि १७ जण गेले. त्यात १५ बाया होत्या. डिसेंबर २०२३ मध्ये तळवड्याला वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये पुन्हा बायाच जळाल्या. अशा वेळी मुख्यमंत्री निधीतून, पंतप्रधान निधीतून मदत जाहीर होते. ती मदत असते. भरपाई हा हक्क आहे, तो वेगळा मागावा लागतो, आणि मागण्यासाठी त्या बाईचं नाव हजेरीत असावं लागतं.

म्हणून दोनच मागण्या करतो. हिंजवडीत, पिंपरीत, चाकणला कंपन्यांची कागदपत्रं बघणाऱ्यांनो, ठेकेदाराचं बिल मंजूर करण्याआधी ईएसआयचं चलन मागा, आणि चलनातली नावं गेटवरच्या हजेरीशी एकेक करून जुळवा. नुसत्या आकड्यावर समाधान मानू नका. चाळीस माणसं आत आली असतील तर चाळीस नावं दिसली पाहिजेत.

आणि वाचकहो, तुमच्या घरातलं कोणी भोसरीला, चाकणला, पिरंगुटला कामाला जात असेल, तर आज रात्री जेवायला बसल्यावर त्याला त्याचा दहा आकडी ईएसआय क्रमांक विचारा. पगार २१ हजारांच्या आत असून त्याच्याकडे तो नसेल, तर उद्या सकाळी प्रेसवर उभं राहण्याआधी त्याला तो मागायला लावा.